सांस्कृतिक वारसा शिक्षण, विद्यापीठीय

वास्तू, वस्तू, हस्तलिखिते, कला, कारागिरी, विधी आणि पारंपरिक ज्ञान यांचा अभ्यास, जतन व हस्तांतरण यांसाठी विद्यापीठांत दिले जाणारे शिक्षण. पुरातत्त्व, वास्तुकला, मानवशास्त्र, संग्रहालयशास्त्र, कायदा, पर्यटन अशा अनेक विद्याशाखांत ते विखुरलेले आढळते. स्वतंत्र विभाग त्यामानाने अलीकडचे.

युनेस्कोच्या १९७२ च्या जागतिक वारसा करारातील कलम २७ नुसार शिक्षणाद्वारे लोकांत वारशाविषयी आस्था वाढवण्यासाठी प्रयत्न करणे ही सदस्य-राष्ट्रांची जबाबदारी ठरली. अमूर्त वारशासंबंधीच्या (विधी, कला, कारागिरी, पारंपरिक ज्ञान यांसारख्या) २००३ च्या करारातील कलम १४ मध्येही तशीच तरतूद आहे. १९९२ मध्ये सुरू झालेल्या युनेस्को अध्यासनांमुळे (युनेस्कोच्या सहकार्याने विद्यापीठांत चालणारी अध्यापन-संशोधनाची केंद्रे) निरनिराळ्या देशांतील विद्यापीठे एकमेकांशी जोडली गेली.

जागतिकीकरणामुळे विद्यार्थ्यांची ये-जा आणि डिजिटल नोंदणीची साधने वाढली; सोबत अभ्यासक्रमही एकसारखे होत गेले. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा भर मूळ बांधकामसाहित्य राखण्यावर आहे आणि दीर्घकाळ तीच कसोटी सर्वत्र शिकवली गेली. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान या कसोटीत बसत नाही. तेथील मंदिरे साधारणतः दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्या लाकडात, जुन्याच पद्धतीने उभारली जातात. अलीकडची उभारणी २०१३ मध्ये झाली. लाकूड नवे असते, परंपरेने चालत येते ते सुतारकाम. एका उभारणीत हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेला स्वतः शिकवण्याच्या वयाचा झालेला असतो. अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या संदर्भातच जोखावा, हे जपानमधील नारा येथे तयार झालेल्या १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले. आता तो बहुतेक ठिकाणी अभ्यासला जातो, पण पुष्कळदा व्हेनिस सनदेला जोडलेली पुरवणी म्हणून. हा क्रम उलटा लावून पाहायला हरकत नसावी.

खरी अडचण विद्यापीठाच्या रचनेत आहे. सत्र काही महिन्यांचे, तर हस्तकौशल्य मुरायला वर्षे लागतात. विधी ठरलेल्या ऋतूतच होतात आणि परीक्षेचे वेळापत्रक त्यांच्यासाठी थांबत नाही. ज्यांच्याकडे हे ज्ञान असते त्या कारागिरांकडे व गायकांकडे बहुधा पदवी नसते. त्यामुळे प्राध्यापक म्हणून नेमणूक न होता त्यांना एखाद-दुसऱ्या प्रात्यक्षिकापुरते बोलावले जाते. पर्यटनातील रोजगाराकडे पाहून आखलेल्या अभ्यासक्रमांत तर व्यवस्थापनच जास्त आणि वारसा नावापुरता, असे चित्र दिसते.

क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रित केलेली गाणी, कथा व मंत्र यांच्या मालकीचा प्रश्नही यातूनच पुढे आला आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी समाजाची संमती घेणे आणि गुप्त वा पवित्र मानलेला भाग सर्वांसाठी खुला न करणे, हे संकेत आता संशोधन-नीतीच्या पाठात शिकवले जातात. जुन्या संग्रहांतील ध्वनिमुद्रणांना मात्र अशी संमती अनेकदा घेतलेलीच नसते.