नागअळी एक नव्हे, दोन: संत्र्यावरची आणि टोमॅटोवरची

टोमॅटोच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ दिसते, संत्र्याच्या कोवळ्या पानावरही दिसते, आणि आपण दोन्हींना नागअळी म्हणून मोकळे होतो. संत्र्याच्या नव्या बागेत भाजीपाल्याचं आंतरपीक असलं की पुढची शंका ठरलेलीच: भाजीवरची अळी झाडावर चढली. तसं होत नाही. संत्र्यावरची अळी एका पतंगाची, फिलोक्निस्टिस सिट्रेलाची. टोमॅटोवरची माशीची, लिरिओमायझा ट्रायफोलीची. पतंग लिंबूवर्गीय झाडांबाहेर सहसा जात नाही, फार तर त्याच कुळातल्या बेलावर सापडतो. माशीला मात्र टोमॅटो, चवळी, काकडी, एरंडी, शेवंती असं बरंच काही चालतं.

पान उजेडाकडे धरून बोगद्यातली विष्ठा बघा. पतंगाच्या अळीची विष्ठा मधोमध सलग काळपट रेघ ओढत जाते. माशीची अळी कूस बदलत खाते, म्हणून तिची विष्ठा कधी या कडेला, कधी त्या कडेला अशी तुटक पडते. शिवाय माशीची मादी पान टोचून रस पिते, त्यामुळे टोमॅटोच्या पानावर रेघांबरोबर बारीक पांढुरके ठिपकेही असतात. संत्र्यावर ते दिसणार नाहीत.

पतंग स्वतः फारसा कुणाच्या नजरेस पडत नाही. पंख पसरले तरी जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर. रंग रुपेरी पांढरा, पुढच्या पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. त्याची मादी नवतीच्या, म्हणजे नव्या पालवीच्या पानावर, बहुधा खालच्या बाजूला मधल्या शिरेजवळ, एकेक सुटं अंडं घालते. अळी अंड्यातून थेट पानात शिरते आणि पापुद्र्यातल्या पेशी चिरून रस पिते. त्या पानातून दुसऱ्या पानात जाण्याची सोय तिला नाही. तीन अवस्था अशा खाण्यात जातात. चौथीत ती काही खात नाही. पानाच्या कडेला येते, रेशमाच्या धाग्यांनी कड दुमडून घेते आणि त्या घडीत कोष करते. हवामानाप्रमाणे सगळं चक्र १३ ते ५२ दिवसांत पुरं होतं. जून झालेलं, कडक पान तिला चालत नाही, म्हणून तिचा जोर बहारांच्या नवतीबरोबर चढतो-उतरतो.

माशीचा कोष बहुतेक वेळा जमिनीत. अळी पानाला चीर पाडून खाली पडते आणि मातीत कोषावस्थेत जाते. उपायांचा खरा फरक इथे आहे. मल्चिंग (जमिनीवरचं आच्छादन), नांगरट, पिवळे चिकट सापळे यांचा माशीवर काही ना काही परिणाम होतो. पतंगाचा कोष वर पानाच्या घडीत असताना खालची माती कितीही उलथली तरी त्याला काय फरक पडणार!

दोघांचा प्रवासही गमतीचा आहे. पतंग आशियातला, स्टेनटन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ साली त्याचं वर्णन केलं, तेही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. १९९३ मध्ये तो फ्लोरिडात पोचला, त्याच वर्षी स्पेनमध्ये दिसला, आणि २००० पर्यंत कॅलिफोर्नियात गेला. माशी मूळची अमेरिकेकडची. ती भारतात आली १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. आपण पतंग दिला आणि माशी घेतली, असा हा सौदा.

संत्र्याच्या मोठ्या झाडाला ही अळी फारशी भारी पडत नाही. काळजी घ्यायची ती अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजना घाटसारख्या ठिकाणच्या रोपवाटिकांत आणि पहिल्या तीन-चार वर्षांच्या बागेत, कारण तिथे बहुतेक पालवी कोवळीच असते. पाणसोट (खोडावरचे जोमदार, निरुपयोगी फुटवे) काढावेत, नत्राचा मारा टाळावा, निंबोळी अर्क मारायचा तर नवती फुटत असतानाच मारावा. पोखरलेली पानं ओरबाडून काढू नयेत. त्यांचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न बनवतच असतो. कागदी लिंबाचं प्रकरण जरा गंभीर आहे. अळी स्वतः खैऱ्या (कँकर) हा जिवाणूंचा रोग आणत नाही, पण पापुद्रा फाटला की रोगाच्या जिवाणूंना पानात वाट मोकळी होते, आणि पावसाळ्यात ती वाट फार लवकर वापरली जाते.

फ्लोरिडाने १९९४ मध्ये एजेनिअ‍ॅस्पिस सिट्रिकोला ही या अळीवर जगणारी बारीक गांधीलमाशी ऑस्ट्रेलियातून आणून सोडली. आपल्या बागांत अशा परोपजीवी गांधीलमाश्या आधीपासूनच आहेत, आणि मोठ्या झाडांवर घाबरून मारलेल्या फवाऱ्यात त्या मरतात. पानाच्या आतली अळी मात्र अनेकदा वाचते.