साचेबंद प्रतिमा, भेदभाव व वंशवाद (कोकण किनारपट्टी)

एखाद्या गटातील सगळ्यांना सरसकट एकच स्वभाव, बुद्धी वा लायकी चिकटवणारी समजूत म्हणजे साचेबंद प्रतिमा. तिला तिटकाऱ्याची किंवा भीतीची जोड मिळाली की पूर्वग्रह होतो आणि तो वागणुकीत उतरला की भेदभाव. त्या वागणुकीचे समर्थन रक्तातील, न बदलणाऱ्या गुणांवरून होऊ लागले व तिच्या मागे सत्ता उभी राहिली, तर त्यास वंशवाद म्हणतात. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ मधील मांडणीपासून साचेबंद प्रतिमेची संकल्पना समाजशास्त्रांत रुळली. बहुसांस्कृतिक मानसशास्त्र या प्रक्रिया त्या त्या समाजाच्या इतिहासात ठेवून तपासते. कोकणात ते विशेष गरजेचे आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी येथे जंजिऱ्याचे राज्यकर्ते होते आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. तेव्हा काळा रंग म्हणजे खालचा दर्जा, हे अमेरिकी समीकरण या किनाऱ्यावर सरळ बसत नाही.

उगमकथा : दर्जा ठरवण्याचे जे काम अन्यत्र रंग करतो, ते कोकणात बरेचसे उगमकथेने केले आहे. अलिबागजवळच्या नवगावपाशी गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी कोकणातील ज्यूंच्या म्हणजे बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. याच समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहिमकर या घटनेचा काळ इ. स. पू. १७५ च्या सुमाराचा धरतात. इतरांनी तो कित्येक शतके मागेपुढे नेला आहे. निःसंदिग्ध लेखी उल्लेख मात्र अठराव्या शतकापासूनचे आहेत. चित्पावनांच्या कथेच्या एका रूपातही परशुरामाने समुद्रकाठी लागलेली चौदा प्रेते चितेवर पावन करून उठवली, असे येते. आकडा तोच असल्यामुळे दोन्ही समाजांचे मूळ एकच, असे अनुमान काहींनी काढले व घाऱ्या डोळ्यांचा दाखला पुढे केला. किनाऱ्यावर फिरणारा एकच कथाबंध दोघांनी आपापल्या परीने उचलला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. बेने इस्रायलांत भारतीय व मध्यपूर्वेतील अशा दोन्ही वंशरेषांचे मिश्रण असल्याचे २०१६ च्या जनुकीय अभ्यासात दिसले. गलबताची तारीख त्यावरून ठरत नाही.

तेलाचे घाणे चालवणारे व शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावकरी बेने इस्रायलांना ‘शनवार तेली’ म्हणत. मातृभाषा मराठी, आडनावे पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आणि कीर्तनेही मराठीत. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांच्या परिभाषेत हे आत्मसातीकरण (स्वतःची ओळख सोडून मिसळणे) नसून एकात्मीकरण होय; स्वतःचा धर्म राखून त्यांनी आसपासचे जीवन स्वीकारले. मात्र समाजात ‘गोरा इस्रायल’ व ‘काळा इस्रायल’ असे दोन थर होते. बिगर-ज्यू मातांच्या संततीला काळे ठरवून त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळला जाई. नावे रंगाची असली तरी कसोटी कुळाची होती. हीच कसोटी पुढे सगळ्या समाजावर उलटली. मुंबईचे बगदादी (इराककडून आलेले) ज्यू त्यांना अस्सल मानीनात आणि इस्रायलमध्ये स्थलांतर केल्यावर तेथील रब्बी-मंडळाने (ज्यू धर्मगुरूंच्या संस्थेने) १९६२ मध्ये त्यांच्या विवाहांसाठी वंशशुद्धीची चौकशी सांगितली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये तो प्रश्न बराचसा मिटला.

मोजमाप व भरती : ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड वांशिक असल्याचे प्रतिपादन केले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये त्यांचेच आकडे तपासून महाराष्ट्रासारख्या प्रदेशात माप व सामाजिक दर्जा यांचा मेळ बसत नसल्याचे दाखवले. घुर्ये यांचा युक्तिवाद आज सामान्यतः ग्राह्य धरला जातो. तोवर ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांताने, म्हणजे काही जमातीच जन्मतः सैन्याला लायक असतात या ब्रिटिश समजुतीने, नुकसान केले होतेच. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबली आणि त्याची झळ दापोली परिसरातील पेन्शनर कुटुंबांना बसली. महार समाजाचे नेते गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या चालवल्या. त्याच सुमारास दापोलीच्या शाळेत महार मुलांना पडवीत बसवण्यावरून तंटा झाला. १९१७ मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर, १११ वी महार पलटण उभी राहिली. तेव्हा कोणाचे रक्त बदलले नव्हते.

संपर्क : मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट (१९५४) यांच्या मते गटांमधील संपर्काने पूर्वग्रह घटतो, पण दर्जा समान असेल व संस्थांचा पाठिंबा असेल तर. कोकणी गाव वाड्यांचे. माणसे रोज भेटत, पाणवठे वेगळे. महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला.

आधुनिक काळ : ‘चाकरमानी’, ‘घाटी’, ‘रामा गडी’ या प्रतिमा सर्वपरिचित आहेत. रायगडमधील कातकऱ्यांवर गावात चोरी झाली की पहिला संशय जातो. हापूसच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळींना, ते कोणत्याही जमातीचे असोत, ‘गुरखा’च म्हणतात व इमानी समजतात. मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क व सहकाऱ्यांच्या प्रारूपात (२००२) आपुलकी व कर्तबगारी असे प्रतिमेचे दोन अक्ष मानले आहेत. गुरख्याला पहिल्यावर भरघोस गुण मिळतात, दुसऱ्यावर बेताचेच. बागेची राखण त्याच्याकडे असते, मालाचा सौदा मात्र दुसऱ्याच्या हाती.