हरवलेला पोपट कुणाला हाका मारतो?

2008 साली जपानमध्ये, टोकियोजवळच्या नागारेयामा शहरात पोलिसांनी एका घराच्या छपरावरून करड्या रंगाचा आफ्रिकन पोपट पकडला. ती रात्र त्याने पोलिस ठाण्यात काढली, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. मग त्याची रवानगी जनावरांच्या दवाखान्यात झाली. तिथे काही दिवस रुळल्यावर त्याने डॉक्टरांना आपलं नाव सांगितलं, योसुके, आणि पाठोपाठ आडनावासकट घराचा पूर्ण पत्ता. पोलिसांनी चौकशी केली तर पत्ता बरोबर निघाला. घरच्यांनी तो त्याच्याकडून पाठ करून घेतला होता.

मला या घटनेत पत्त्याइतकंच ठाण्यातलं मौनही महत्त्वाचं वाटतं. भेदरलेला पोपट गप्प बसतो. रानात भलत्या वेळी आवाज केला की शिकारी पक्ष्याला ठावठिकाणा कळतो. आजूबाजूचे ओळखीचे वाटू लागले की त्याचा गळा मोकळा होतो. पोपटाचं सगळं बोलणं आपल्या माणसांसाठी, म्हणजे आपल्या थव्यासाठी असतं.

दाट झाडीत किंवा उडताना थवा पांगतो, तेव्हा पोपट एकमेकांना आवाजावरून शोधतात. 'मी इथे आहे, तू कुठे आहेस?' अशा अर्थाची ती छोटी साद असते. ही साद पोपट शिकतात. व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या हिरव्या पोपटांच्या घरट्यांमध्ये कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंड्यांची अदलाबदल केली. पिल्लं मोठी झाल्यावर त्यांची साद जन्मदात्यांशी जुळली नाही, सांभाळणाऱ्या आईबापांशी जुळली. 2011 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. प्रत्येक पिल्लाची साद वेगळी, जणू नावच, आणि ते घरातल्या मोठ्यांकडून मिळालेलं.

आपल्याकडे चुकून भेटणारा पाळीव पक्षी बहुधा बजरीगर हा छोटा पोपट असतो. पाळीव पक्ष्यांच्या दुकानात त्यालाच 'लव्ह बर्ड' म्हणतात. आमच्या गॅलरीत चिमण्यांसाठी टाकलेल्या दाण्यांवर एका सकाळी असाच एक निळा पक्षी उतरला. चोचीच्या वरची मेणचट पट्टीही निळी, म्हणजे बहुतेक वयात आलेला नर. राळ्याचा दाणा जिभेने चोचीत फिरवायचा, टरफल बाजूला पडलं की आतला गर गिळायचा. दोन-चार दाणे झाले की मान वर करून बारीक साद घालायचा, थांबायचा, कान देऊन ऐकायचा आणि पुन्हा साद घालायचा. चिमण्यांचा चिवचिवाट चालूच होता, पण त्यातलं काहीही त्याच्यासाठी उत्तर नव्हतं.

बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, वजनाने जेमतेम 30 ते 40 ग्रॅम. तिथल्या कोरड्या माळरानात पाऊस पडेल आणि गवताला बी धरेल तिकडे त्यांचे थवे जातात. कबुतराला शेकडो किलोमीटरवरून घर गाठता येतं. सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वास, ओळखीच्या खुणा या साऱ्यांचा ते उपयोग करतं. भटक्या बजरीगराला जागेपेक्षा सोबत जास्त मोलाची. त्यात जन्म पिंजऱ्यात गेलेला असेल, तर बाहेरून आपली इमारत कशी दिसते हेही त्याने कधी पाहिलेलं नसतं. शिवाय रानातला बजरीगर हिरवा असतो आणि गवतात मिसळून जातो. निळ्या पक्ष्यात एका जनुकातल्या बदलामुळे पिवळं रंगद्रव्य तयारच होत नाही. आपल्या शहरात असा रंग कावळ्यांच्या आणि शिक्र्याच्या नजरेत लगेच भरतो. म्हणून 'उडाला तर उडू दे, मोकळा झाला' हे म्हणणं मला पटत नाही. त्या पक्ष्यासाठी ती मोकळीक जिवावर बेतणारी असते.

तुमचा पक्षी हरवला असेल, तर मदत त्याच्या कानांचीच घ्यावी. एकत्र ठेवलेल्या बजरीगरांच्या सादी काही आठवड्यांत सारख्या होतात. जोडी जमताना नर मादीची साद उचलतो, हेही प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा जोडीदाराचा पिंजरा पहाटे आणि संध्याकाळी गॅलरीत ठेवावा आणि त्याच्या शेजारी दाणापाणी ठेवून रिकाम्या पिंजऱ्याचं दार उघडं ठेवावं. एकटाच पक्षी असेल तर रोज ज्या शिट्टीने त्याला बोलावता तीच वाजवावी. उंच झाडावर बसलेल्या पक्ष्याला खाली उतरायची सवय नसते, म्हणून धीर धरावा, दगड किंवा काठीने हुसकावू नये.

आणि पक्षी तुम्हाला सापडला असेल तर तो भुकेला, तहानलेला असतो. खिडक्या लावून, पंखा बंद करून त्याला खोलीत घ्यावं, दाणापाणी द्यावं आणि घरच्या इतर पक्ष्यांपासून वेगळं ठेवावं. पायात कडी असेल तर तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा, पण तो सगळ्यांना सांगत सुटू नये. आपला हिरवा पोपट मात्र वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताच येत नाही, त्यामुळे तो सापडला तर वनविभागाला कळवावं. बजरीगराचा मालक म्हणून कुणी आलं, तर त्याला आधी क्रमांक विचारावा. कडी नसेल तर त्याला शेजारच्या खोलीतून नेहमीची हाक मारायला सांगावी. खरा मालक असेल तर आतून उत्तर येण्याची शक्यता बरीच असते.