मानसशास्त्रात एम.ए.: फॉर्म भरण्याआधी काय बघायचं, फाईलमध्ये काय ठेवायचं

टी.वाय.च्या शेवटच्या सत्रात आमच्या विभागाच्या दाराशी हमखास एक प्रश्न येतो, "मॅडम, क्लिनिकल घेऊ की कौन्सेलिंग?" मी उलट विचारते, "पाच वर्षांनी तुझ्या दारावरच्या पाटीवर काय लिहिलेलं हवंय?" पोरं हसतात, पण एम.ए. कुठून करायचं हे त्या पाटीवरूनच ठरतं.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, ही उपाधी नुसत्या एम.ए.ने लावता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये तिची व्याख्याच दिली आहे: भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतली पात्रता, किंवा मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं एम.फिल. एखाद्या कॉलेजच्या एम.ए.च्या नावात कंसात 'क्लिनिकल' असलं, तरी त्या कंसाने परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळत नाही. जाहिरात पाहून लाखभर रुपये भरलेले पालक जेव्हा हे दुसऱ्या वर्षी ऐकतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

सध्या हा रस्ता वळणावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ च्या पीएच.डी. नियमांत एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना मात्र २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. म्हणून आज एस.वाय.ला असलेल्या मुलीने ताईच्या वेळचा नकाशा वापरू नये. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी असते. कोणत्याही संस्थेला फी देण्याआधी तिचं नाव आणि अभ्यासक्रमाचं नाव, दोन्ही त्या यादीत आपल्या डोळ्यांनी बघा. संस्थेचा माणूस फोनवर "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाला, तर 'नाही' असंच समजा.

शाळेत समुपदेशक, कंपनीत एच.आर., संशोधन किंवा प्राध्यापकी यातलं काही करायचं असेल, तर एवढा काथ्याकूट नको. प्राध्यापकीसाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

घरबसल्या एम.ए.

नोकरी करणारे आणि लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बायका इग्नूबद्दल विचारतात. इग्नूचं एम.ए. कुठल्याही पदवीधराला खुलं होतं आणि अनेकांनी त्याचं सोनं केलं. पण यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. कारण २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्यात हा विषय मोडतो. तेव्हा "ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, शेवटच्या दहा जागा" असा मेसेज आला, तर त्या जागा कुठून आल्या ते आधी विचारा.

दोन दारं, दोन वेळापत्रकं

पहिलं दार सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशांची देशपातळीवरची सामाईक परीक्षा. एनटीए ही केंद्राची संस्था ती घेते; दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ अशांचे प्रवेश तिच्यावर होतात. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. इथली पोरं मार खातात ती तारखेत. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चमध्ये होते. आपल्याकडे तोवर सहाव्या सत्राचा अभ्यासक्रमही संपलेला नसतो. "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलं. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ज करता येतो, हे वर्गात दरवर्षी दोनदा सांगूनही कुणीतरी जूनमध्ये येतंच.

आणि स्कोअर आला म्हणजे प्रवेश झाला असं नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, तिची फी वेगळी आणि शेवटची तारीखही वेगळी. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.साठी सीयूईटीनंतर त्यांची स्वतःची पुढची फेरी असते.

दुसरं दार आपल्या राज्य विद्यापीठांचं. पुणे, मुंबई वगैरे विद्यापीठांचे विभाग आपापली जाहिरात काढतात; संलग्न कॉलेजांत बहुतेक ठिकाणी गुणवत्ता यादी लागते. सगळं निकालाच्या आगेमागे होतं, त्यामुळे जून-जुलैत रोज संकेतस्थळ उघडायची सवय लावून घ्या.

बी.ए.ला मानसशास्त्र नव्हतं तर? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी पदवीला या विषयाचे ठरावीक पेपर झालेले हवेत. माहितीपत्रकातलं पात्रतेचं कलम शब्दन् शब्द वाचा. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल, तर नव्या आराखड्यात एक वर्षाचं एम.ए.ही करता येतं. तीन वर्षांची असेल तर दोन वर्षं.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सहाही सत्रांच्या, शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार, एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट खात्याचा क्रमांक), फोटो ही नेहमीची मंडळी. दुसऱ्या विद्यापीठात जात असाल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. निकाल सीजीपीएत असेल, तर टक्केवारीचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं, त्या बाजूचीही प्रत काढा. स्वतःच्या मनाने दहाने गुणलेले टक्के पडताळणीत पडतात.

नावाचा घोळ वेगळाच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, कधी मधलं नाव गायब. क्रमामुळे सहसा अडत नाही, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त झालं तर हेलपाटे सुरू. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत फाईलमध्ये हवीच.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीला सीयूईटीत उत्तम गुण होते. राज्याबाहेरच्या एका केंद्रीय विद्यापीठात ओबीसीतून जागा लागली. पडताळणीच्या खिडकीवर तिने जात प्रमाणपत्र, वैधता, नॉन-क्रिमीलेअर असं सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढून ठेवलं. समोरच्या कारकुनाने एक नजर टाकली आणि कागद परत सरकवला. प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं होतं. केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं, तेही त्यांनी सांगितलेल्या तारखेनंतर काढलेलं, आणि जात केंद्राच्या यादीत असलेली. वडील तालुक्याला तहसील कचेरीत, मुलगी हजार किलोमीटरवर हॉस्टेलच्या गेटशी, आणि मुदत संध्याकाळपर्यंत. जागा गेली. पुढच्या वर्षी ती पुण्यातच शिकली, बरं चाललंय तिचं, पण तो कागद तिच्याकडे एप्रिलमध्ये असायला हवा होता.

म्हणून राज्याचा संच आणि केंद्राचा संच अशी दोन पाकिटं करा. राज्याच्या पाकिटात जात वैधता, अधिवास, राज्याचं नॉन-क्रिमीलेअर. केंद्राच्या पाकिटात केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र. राज्यातलं एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. त्या मुलांनी केंद्राच्या निकषांत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा, तो त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला लागतो. सेतू केंद्रात जूनमध्ये रांग दारापर्यंत येते. एप्रिलमध्ये खुर्ची मिळते.

अभ्यासाचं थोडक्यात

संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती टाळून कुणी प्रवेश परीक्षा काढलेली मी पाहिलेली नाही. टी-टेस्ट, सहसंबंध, विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक उदाहरणासकट येऊ द्या. बाकी सामाजिक, विकासात्मक, बोधनिक आणि अपसामान्य मानसशास्त्र टी.वाय.पर्यंतचंच असतं.

मराठी माध्यमाच्या मुलांची अडचण शब्दांची असते. सीयूईटीचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो. आपण 'अभिजात अभिसंधान' पाठ केलेलं, पेपरात 'प्राचीन अनुबंधन' किंवा 'क्लासिकल कंडिशनिंग'. आतली गोष्ट माहीत असूनही मुलं थबकतात. एका वहीत तीन रकाने पाडा, मराठी-हिंदी-इंग्रजी, आणि रोज दहा शब्द भरा. तीन महिन्यांत नऊशे होतात. पेपरला तेवढे पुरतात.

मुलाखतीत "मला लोकांना मदत करायला आवडते" हे उत्तर पॅनेलने सकाळपासून वीसदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तुमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधला एखादा प्रयोग नीट सांगा: कुणावर केला, सूचना काय दिल्या, निष्कर्ष का फसला. एका मुलाने सांगितलं होतं की स्मरणाच्या प्रयोगात त्याने धाकट्या बहिणीला बसवलं आणि तिने शब्दांची यादी आदल्या दिवशीच चोरून वाचून ठेवली होती. पॅनेल हसलं, मग त्यांनी विचारलं, "हे टाळायला काय केलं असतंस?" पुढची दहा मिनिटं त्याच प्रश्नावर गेली आणि त्याचं नाव यादीत लागलं. जर्नल रद्दीत घालू नका; फाईलच्या तळाशी तेही ठेवा.