शेक्सपिअर: खाणीने उभं केलं, गुरांनी राखलं

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात लॉर्ड्सबर्गच्या नैऋत्येला चारेक किलोमीटरवर शेक्सपिअर हे ओसाड गाव आहे. गावाची सुरुवात झाली ती एका झऱ्यापासून. कोरड्या मुलखातून जाणाऱ्या टपालाच्या घोडागाड्यांना पाणी लागे, म्हणून ‘मेक्सिकन स्प्रिंग्ज’ नावाचं ठाणं पडलं. जवळच्या डोंगरात चांदी दिसली आणि १८७०मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्नियाचे विल्यम राल्स्टन यांनी त्यात पैसा ओतला. गाव ‘राल्स्टन’ झालं. पण चांदी हवी तेवढी निघेना. त्यात १८७२च्या गाजलेल्या हिरे-घोटाळ्यात (ठगांनी जमिनीत हिरे पेरून खाण असल्याचा बनाव केला होता) खुद्द राल्स्टनच फसले, त्यामुळे ते नाव गुंतवणूकदारांना नकोसं झालं. १८७९मध्ये विल्यम बॉइल यांनी खाणी घेतल्या आणि गावाचं नाव ‘शेक्सपिअर’ केलं. मुख्य रस्ता ॲव्हन, हॉटेल स्ट्रॅटफर्ड; नाटककार शेक्सपिअरच्या जन्मगावावरून, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-ॲव्हनवरून! शाळा, चर्च, वर्तमानपत्र मात्र इथे कधीच आलं नाही.

पुढच्याच वर्षी सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे रूळ गावाला वळसा घालून गेले. स्टेशन लॉर्ड्सबर्गला झालं आणि दुकानंही तिकडेच सरकली. खरा घाव १८९३चा. १८९०च्या कायद्याने अमेरिकेचं सरकार दरमहा ४५ लाख औंस चांदी विकत घेत होतं. मंदीत तो कायदा रद्द झाला, भाव कोसळला आणि खाणी बंद पडल्या. पुढे दक्षिणेला तांब्याची खाण चालू झाली, तेव्हा मजुरांना इथली जुनी घरं राहायला मिळाली. १९१४मध्ये त्या खाणीकडे जाणारे रूळ चक्क मुख्य रस्त्यावरून टाकले गेले.

१९३५मध्ये हिल दांपत्याने गुरं पाळण्यासाठी अख्खं गाव विकत घेतलं. घरं टिकली ती यामुळे. इथल्या बहुतेक भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या. अशी भिंत आधी दोन ठिकाणी मरते: वर छप्पर गळून पाणी आत मुरलं की, आणि खाली पायथ्याशी ओल चढून माती झडू लागली की. वरून सिमेंटचा गिलावा दिला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि माती आतल्या आत सुटते. तिला मातीचाच लेप द्यावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा. वापरातल्या घराचं गळतं छप्पर वेळेत लक्षात येतं. रिकाम्या घराचं कळतं ते भिंत बसल्यावरच.

आगीपुढे मात्र राबतं घरही हतबल असतं. १९९७मध्ये आग लागून जुनं जनरल स्टोअर गेलं.