फाउंड्री कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य (बेळगाव)

बेळगाव शहराबाहेर खानापूर रस्त्यालगत उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहती आहेत. बीड (ओतीव लोखंड) वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे आणि पंप, व्हॉल्व्ह, मोटारींचे सुटे भाग घडवायचे, हे ओतकाम, म्हणजे फाउंड्री, हा तिथला एक प्रमुख धंदा. येळ्ळूर, पिरनवाडी, देसूर या गावांतून आणि खानापूर तालुक्यातून मराठी माणसे इथे कामाला येतात. कन्नड आणि हिंदी बोलणारे कामगारही याच भट्टीपुढे उभे असतात.

हे काम अंगमेहनतीचे आहेच, पण त्यातली जाण बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मुरलेला मोल्डर (साचा घडवणारा) वाळूची मूठ दाबतो, उघडतो आणि तो गोळा मधोमध मोडून पाहतो. कडा धरून राहिल्या तर ओलावा बरोबर. भुगा झाला तर वाळू कोरडी. तळहाताला चिकटली तर पाणी जास्त. पाणी जास्त झाले की ओततानाच वाफ होते, कास्टिंगमध्ये (ओतून घडवलेल्या भागात) पोकळ्या राहतात, कधी धातू साच्याबाहेर उसळतो. म्हणजे मालाचा दर्जा आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा जीव, दोन्ही त्या मुठीवर अवलंबून असतात. खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार घातले जातात, भट्टीपुढे नारळ फुटतो. ही मूठ ओळखणाऱ्या हाताचा मान त्याहून कमी असू नये.

ओतकामातले डोळ्यांना दिसणारे धोके सर्वांना ठाऊक असतात. वितळलेले बीड साधारण १४०० अंश सेल्सिअसला ओततात. ओले किंवा गंजलेले भंगार भट्टीत पडले तर पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो, म्हणून भंगार सुके आणि शक्य तर आधी तापवलेले हवे. लॅडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) धरणाऱ्याने सुती कपडे घालावेत. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून खाली सोडायची, नाहीतर उडालेला थेंब थेट बुटात उतरतो. बूटही नाडीचा नको, झटक्यात काढता येईल असा हवा. एप्रिल-मे महिन्यांत उष्णतेचा त्रास वाढतो. तेव्हा भट्टीजवळ पिण्याचे गार पाणी आणि पाळीपाळीने सावलीत विश्रांती ही गरज असते, मेहेरबानी नव्हे.

खरा घात करते ती धूळ. साच्याच्या वाळूत सिलिका असते. साचा फोडताना (नॉकआउट) आणि कास्टिंग घासून साफ करताना (फेटलिंग) तिचे इतके बारीक कण उडतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि थेट फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. तिथे वण धरतात, फुफ्फुस ताठर होते, चढ चढताना धाप लागू लागते. हाच सिलिकोसिस. तो बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो आणि बरा होत नाही. क्षयाचा धोकाही त्याने वाढतो. शिवाय खोकला आणि वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने रोग्यावर नुसतेच क्षयाचे उपचार चालू राहू शकतात. डॉक्टरने ‘काम काय करता?’ असे विचारले तरच धागा सापडतो. स्फटिकरूप सिलिकेची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले.

नाकाला गुंडाळलेला टॉवेल किंवा रुमाल हे कण अडवत नाही. धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारी शोषक यंत्रणा, झाडण्याआधी पाणी मारणे आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा योग्य दर्जाचा मास्क, उपाय याच क्रमाने करायचे असतात. मास्क शेवटी येतो. आपल्याकडे बहुतेकदा सुरुवात आणि शेवट तिथेच होतो, आणि हे चूक आहे. सुट्टी झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय तर पूर्ण बंद व्हायला हवी. दिवसभराची धूळ त्या एका मिनिटात पुन्हा नाकातोंडात जाते.

१९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत सूचना लावण्याचे बंधनही त्यात होते. तीन भाषा चालणाऱ्या बेळगावच्या शॉपफ्लोअरवर हा जिवाचा प्रश्न आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. कर्नाटकात याची देखरेख कारखाने, बाष्पके, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खात्याकडे असते.

भाजल्याची जखम त्याच दिवशी नोंदली जाते. सिलिकोसिस दिसेपर्यंत मात्र कामगाराने तीन-चार फाउंड्र्या बदललेल्या असू शकतात, मध्ये ठेकेदारही बदललेले असतात, आणि आजार कुणाच्या कारखान्यातला हे सांगायला कागद उरत नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने ही अडचण ओळखून अशा रोगांत आधीच्या सर्व मालकांवर प्रमाणात जबाबदारी टाकण्याची तरतूद केली होती. पण त्या मालकांकडे काम केल्याचा पुरावा लागतोच. नव्या संहितेने प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे केले आहे. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो, म्हणून नव्या ठिकाणी नवा क्रमांक काढू न देता जुनाच सांगावा. पगाराच्या पावत्या, हजेरीची कार्डे आणि छातीचे जुने एक्स-रे घरी जपून ठेवावेत. पहिला एक्स-रे कामाला लागतानाच काढलेला असेल तर पुढच्या प्रत्येक एक्स-रेशी त्याची तुलना करता येते.