खुले कारागृह

सिद्धदोष बंद्यांना उंच भिंती आणि कुलूपबंद बराकींविना, मुख्यतः त्यांच्या शब्दावर ठेवणारे कारागृह. खुले म्हणजे मोकाट नव्हे. रोज हजेरी होते, हद्द ठरलेली असते आणि नियम मोडणाऱ्याची रवानगी पुन्हा मध्यवर्ती कारागृहात होते.

शिक्षा कशासाठी, याला दंडशास्त्रात चार उत्तरे आहेत: केल्याची फेड, इतरांना जरब, गुन्हेगाराला अटकाव आणि सुधारणा. किती वर्षे, हे न्यायालय ठरवते. त्यात पहिल्या दोहोंचे वजन बहुधा जास्त असते. ती वर्षे कशी काढायची, हा मात्र कारागृह प्रशासनाचा प्रांत. सुधारणेला खरी जागा तिथेच मिळते.

महाराष्ट्रातील जुना प्रयोग म्हणजे आटपाडीजवळची (जि. सांगली) स्वतंत्रपूर वसाहत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने ती उभी राहिली. बंदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागची प्रेरणा हीच वसाहत. राजस्थानातील सांगानेरचे शिबिर याहून पुढे जाते: तिथले बंदी दिवसा बाहेर कामधंदा करून स्वतःचे घर चालवतात आणि संध्याकाळच्या हजेरीला परततात.

प्रवेश मागून मिळत नाही. निवड समिती नावे ठरवते. शिक्षेचा काही भाग बंदिस्त तुरुंगात काढलेला असावा लागतो (राजस्थानात माफी, म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल व कामाबद्दल शिक्षेतून वजा होणारे दिवस, धरून एक तृतीयांश). वर्तणूक चांगली आणि प्रकृती कामाला धड हवी. सराईत आणि पूर्वी पळालेले बंदी वगळले जातात. खुनाची शिक्षा मात्र आड येत नाही. रागाच्या भरात, बांधावरच्या भांडणात एकदाच हात उचललेला जन्मठेपेचा बंदी इथे सहसा भरवशाचा ठरतो.

भिंत नसताना माणूस पळत का नाही? कारण पळाल्यास साठलेली माफी जाते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २६२ खाली दोन वर्षांपर्यंतची नवी शिक्षा होऊ शकते. महाराष्ट्रात खुल्या कारागृहातील माफी महिन्याला ३० दिवस, म्हणजे एका वर्षात दोन वर्षे सरतात. मृत्युदंडही होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला मात्र प्रत्यक्ष १४ वर्षे काढावीच लागतात. माफीचा उपयोग त्यापुढच्या हिशेबात.

दोष पद्धतीपेक्षा अंमलात अधिक आहे. शेजारची मध्यवर्ती कारागृहे तुडुंब असताना इथल्या जागा रिकाम्या राहतात, कारण चुकीचा माणूस निवडला तर जबाब अधिकाऱ्याला द्यावा लागतो. कुणालाच न निवडल्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. शिवाय दार फक्त ‘पक्क्या’, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांना उघडे. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले ‘कच्चे’ होते. कायद्याच्या दृष्टीने अजून निर्दोष असलेली ही माणसे कुलूपबंद बराकीतच राहतात.